पुढच्या रांगेतली वीज

"रेटिनल डिटॅचमेंट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या आतला, चित्र टिपणारा पडदा सुटून राहिला होता. "कडेला विजा चमकत होत्या का?"

चमकत होत्या तर! त्यांच्यापायीच मला बैठकीत बढती मिळाली होती.

आमच्या मानेवाड्याच्या बैठकीत डोळे मिटून आतला प्रकाश पाहतात, आतला नाद ऐकतात. उठल्यावर काय दिसलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ठिणग्या दिसल्या तर मागची रांग, चांदणं दिसलं तर मधली, वीज दिसली की पुढची. मी वीज सांगितली आणि बैठक चालवणाऱ्या सुशीलाताईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मग उजव्या डोळ्यात खालून काळी सावली चढू लागली. तेही शुभच ठरलं! शेवटी आमचे हे चिडले आणि मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात घेऊन आले.

ऑपरेशन लगेच ठरलं. सुशीलाताईंचा फोन आला, "काहून घाई करून राहिली वं? कापाकापी केली तर आतला प्रकाश जाईन."

इकडे डॉक्टरीणबाई म्हणे, ध्यानबिन सोडा, दिसतं ते सगळं आजाराचंच.

मला दोघींचाही राग आला. डोळा माझा, प्रकाशही माझा. मी कोणाच्या सांगण्यावरून काय म्हणून सोडू?

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरतात. तो पडद्याला दाबून धरतो, म्हणून पालथं पडून राहायचं. मान अवघडली. स्ट्रॉनं चहा, वर ह्यांच्या हातचं करपलेलं वरण. मी रडले, भांडले. मग म्हटलं, पडलेच आहे तर ध्यान करून घ्यावं.

बऱ्याच वेळानं मधोमध निळसर उजेड आला. मुद्दाम डोळा फिरवला, तर तो विरला. स्वस्थ राहिले, तर परत आला. ती आधीची वीज उलटी होती. डोळा हलला की कडेला चमकायची. म्हणजे वीज आजाराची, पण हा उजेड माझा. मी उशीत तोंड खुपसून हसले.

पण बायांनो, हा फरक घरी बसून ठरवू नका. वीज दिसली, सावली दिसली, की त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा. ह्यांच्या चिडण्यानं माझा डोळा वाचला. अक्षरं अजून जरा वाकडी दिसतात, पण दिसतात.

बैठकीला मी जाते. आपणहून मागच्या रांगेत बसते. मध्यंतरी एका नव्या बाईनं वीज सांगितली. सुशीलाताईंनी पेढा उचलला, तशी मी उभी राहिले.

"आधी डोळ्याच्या डॉक्टरले दाखव वं. पेढा मंग खाजो."

सगळे वळून पाहू लागले. सुशीलाताईंनी पेढा डब्यात परत ठेवला. मी बसले आणि डोळे मिटले.