एका वेळी एकच पाला

नेकनूरच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला साखराबाईचं घर आणि घराला लागून मेंढरांचा वाडा. एकोणचाळीस मेंढ्या, सात शेळ्या. सकाळी फाटक उघडण्याआधी ती वाकून जमीन बघते. कुठली लेंडी कोरडी, कुठली पातळ आणि ती कुणाची, हे तिला लगेच कळतं. शंका आली तर त्या मेंढीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पोट हलतंय का ते ती पाहते. शाळेत ती दोनच वर्षं गेली, पण जनावराचं पोट बिघडलं की गाव तिच्याकडेच येतं.

त्यामुळे नवऱ्याच्या मोबाइलमधून ‘पोटात कोट्यवधी बारीक जीव असतात, अन्न तेच पचवतात’ असं ऐकू आलं, तेव्हा तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

“काय म्हनला त्यो? परत लावा.”

बंकटनं परत लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “खरं हाय,” म्हणाली.

“तुला काय म्हाईत?”

“शेळी रवंथ करायची थांबली, तर दुसऱ्या धडधाकट शेळीच्या तोंडातला घास काढून तिला चारते का न्हाई मी? पाला दोघींचा एकच. मग ती का म्हनून उठती? त्या घासात कायतरी जितं आसनार.”

बंकट खूश झाला. पहिलं खरं निघालं म्हणजे पुढचंही खरंच, असं त्यानं धरून टाकलं.

दोन महिने त्याचं पोट जळत होतं. मोबाइलवर उपायांना तोटा नव्हता. उपाशीपोटी मिठाचं पाणी प्या, ज्वारी सोडा, ज्वारीच खा, रोज एरंडेल घ्या, डाव्या कुशीवर झोपा. बंकटनं एका आठवड्यात हे सगळं केलं आणि आठव्या दिवशी पोट धरून बसला.

“आवं, नव्या रानात गेलो तर सगळी मेंढरं एकदम सोडतो का आपन? एका म्हाताऱ्या मेंढीला तिथला पाला चारायचा, दोन दिस बघायचं. तुमी पाच पाले एकदम खाल्ले. गुन कुनाचा आन बाधा कुनाची, कसं कळावं?”

“मी मेंढरू हाय का?”

“मेंढरू आसता तर ऐकलं आसतं.”

मग तिनं हिशेब हातात घेतला. एक उपाय चार-पाच दिवस, बाकी सगळे बंद. मेंढ्यांवर खूण करायचा गेरू घेऊन ती भिंतीवर लिहू लागली: बरा दिवस असेल तर टिकली, जळजळीचा असेल तर रेघ. मिठाच्या पाण्याखाली नुसत्या रेघा आल्या, वर बंकटचं तोंड सुजलं, म्हणून तिसऱ्या दिवशीच तो उपाय बंद झाला. ज्वारी सोडली तर पोट साफ होईना. भाकरी परत सुरू केली, तर ती अडचण गेली. डाव्या कुशीवर झोपायच्या सल्ल्याला ती खूप हसली होती. नेमक्या त्याच्याखाली तीन टिकल्या आल्या. ती बराच वेळ त्या टिकल्यांकडे बघत राहिली. कुशीत असं काय असेल?

मग कुरिअरनं आतडं साफ करणारं चूर्ण आलं. तिसऱ्या सकाळी बंकट हसतच परतला.

“निघाली घान. काळी पडली की आतडं धुतलं जातंय, आसं सांगितलं हाय त्येच्यात.”

साखराबाईचा हात थांबला. “काळी म्हंजी कशी?”

“बाईमानसानं इचारायची गोष्ट हाय का ही?”

“एकोनचाळीस मेंढ्यांचं रोज बघती. कशी?”

“डांबरावानी,” तो खाली बघत म्हणाला. “चिकट.”

“कवापासून?”

“झाले की धा-बारा दिस.”

“आन चूर्न परवा आलं.”

गेल्या वर्षी असंच काळं टाकणारी एक मेंढी मेली होती. तिचं पोट चिरल्यावर आत जखम दिसली होती आणि साकळलेलं रक्त. साखराबाईनं पुढं होऊन नवऱ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मेंढीची ओढते तशी. आत लाली नव्हती. मेंढीचं जे पहिल्यांदा बघायचं, ते घरच्या माणसाला तिनं विचारलंच नव्हतं. ती भिंतीवर टिकल्या काढत बसली होती.

“चला, अंगात सदरा घाला,” ती म्हणाली.

नेकनूरच्या दवाखान्यातून त्यांना बीडला पाठवलं. तिथं दुर्बिणीनं तपासलं, तेव्हा जठरात रक्त गळणारी जखम सापडली. डॉक्टरीण बाईंनी खोदून विचारलं, तेव्हा बंकटनं सांगितलं की गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या तो पाच महिने उपाशीपोटी खातोय. जखम त्यांनीच केली होती, आणि घरात त्या गोळ्यांचा पत्ता कुणालाच नव्हता.

रक्ताची बाटली लागली. साखराबाई खाटेजवळ उभी राहिली. “मग त्या मोबाइलातलं समदं खोटंच का वो?”

“नाही मावशी. पोटात जीव असतात, खरं आहे. भाकरी चांगली. डाव्या कुशीवर झोपलं तर जळजळ कमी होते, तेही खरं. जठराचा आकारच तसा असतो.” बाईंनी हातानं आकार दाखवला. “पण काळी शी म्हणजे घाण निघतेय, हे साफ खोटं. आत रक्त सांडलं की ते काळं होऊन येतं. अजून थोडे दिवस थांबला असतात, तर अवघड होतं.”

“एकाच तोंडानं खरं बी सांगत्यात आन खोटं बी,” साखराबाई म्हणाली. “म्हनून तर मानूस फसतं.” तिनं बाईंच्या हाताचा तो आकार पुन्हा एकदा दाखवायला सांगितला.

सहाव्या दिवशी ते घरी आले. डॉक्टरीण बाईंनी दिलेल्या गोळ्या कधी खायच्या ते तिनं पाठ केलं होतं. गुडघ्याच्या गोळ्या दवाखान्यातच टाकून दिल्या होत्या. दुसऱ्या सकाळी ती वाड्यात वाकलेली असताना बंकट फाटकाशी येऊन उभा राहिला. तिनं काही विचारायच्या आधीच त्यानं घसा साफ केला.

“पिवळं हाय.”

“चिकट?”

“न्हाई.”

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट. “उद्या बी सांगा,” म्हणाली, आणि फाटक उघडून मेंढरं बाहेर काढली.