ज्योतीरामसाठी निवडलेला सेट

ज्योतीरामचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मॅडम, बारा दिवस राहिलेत," तो म्हणाला. म्हणाला कसला, घशातून खरखर काढली. "तेवढ्यात एखादा रेडिओ सेट बघून द्या. माझ्या जागी बोलणारा."

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. घशात गाठ, स्वरयंत्र काढायची तारीख मिळालेली, आणि या माणसाला सेट सुचतोय! "आधी बरा हो," असं काहीतरी फाडकन बोलून मी फोन ठेवला. मग मेथीची जुडी तशीच पडून राहिली. बरा होणार म्हणजे मुका होणार, हे मला ठाऊक होतं. त्यालाही.

ज्योतीराम मूळचा परांड्याकडचा. लग्नानंतर वर्षभरात चाकणला आला आणि एका प्रेस शॉपमध्ये लागला. पत्रा डायवर ठेवायचा, हात काढायचा, वरून प्रेस येते, दणका बसतो, की पुढचा पत्रा. शिफ्टला हजारो वेळा हात वेळेवर निघतो. एकदा नाही निघाला. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं टोक तिथेच राहिलं. कंपनीने त्याला गेटवर बसवलं आणि हातात वॉकीटॉकी दिली. तिथे त्याला हा नाद लागला.

मी निवृत्तीनंतर प्राधिकरणातल्या माझ्या हॉलमध्ये रविवारी हॅम रेडिओचे वर्ग घेते. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले; सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं ओळखनाव, मिळवायचं आणि मग हवेतून बोलायचं. फुकटात फोन असताना हे कशाला, असं मला अनेकजण विचारतात. त्यांना मी चहा देते आणि वाटेला लावते. ज्योतीरामने हा प्रश्न कधी विचारला नाही. निघोज्याहून स्कूटरवर यायचा, पहिल्या रांगेत बसायचा. एकदा नापास झाला, दुसऱ्या खेपेला पास. त्याचं कॉलसाइन इथे लिहीत नाही, ज्याचं त्याचं असतं. त्याने ते घराच्या दारावर नावाच्या वर रंगवून घेतलं. शेजाऱ्यांना वाटायचं गाडीचा नंबर आहे.

आमची रोज संध्याकाळी सातला रेडिओवर हजेरी असते. हिंदुराव घेतात, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. एकेक कॉलसाइन, गाव आणि नाव पुकारतात. ज्याचं त्याने "हजर" म्हणायचं आणि दोन वाक्यांत खबर द्यायची. कोणाकडे लाइट गेली, कुठल्या चौकात कोंडी. ज्योतीरामचा आवाज सगळ्यांत मोठा. प्रेसच्या धडधडाटावर ओरडून कमावलेला. "निघोजे हजर! चाकण चौकात आज मुंगीबी हलत न्हाई, राव!" असं आलं की मी रेडिओचा आवाज कमी करायची. आणि तंबाखू. तीही प्रेसवरचीच कमाई. दहा वर्षं मी त्याला बोलले. तो हसायचा, पुडी खिशात ठेवायचा आणि बाहेर जाऊन मळायचा.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला बोलावून घेतलं.

"गळ्याला लावायचं यंत्र मिळतं ना," मी म्हटलं. "त्याने बोलता येतं."

"वॉर्डात एकाकडं ऐकलं, मॅडम. आमची जुनी प्रेस बोलल्यागत वाटतं."

"मग व्हॉट्सॲप वापर."

"तिथं मी लिवतो, लोक सवडीनं बघतात. हितं नाव घेतलं की मी त्याच टायमाला असतो." घोट गिळताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "कंपनीत बोटं दिली, आता दवाखान्यात गळा. माझी असेंब्ली उलटी चाललीय. सगळे पार्ट जायच्या आत हजेरीचं तेवढं बघा."

म्हणजे हवं होतं ते असं: लिहिलेला मजकूर हवेतून पाठवणारा हातातला सेट. याला पॅकेट म्हणतात. सेट अक्षरांचा एक छोटा किर्रर आवाज करून सोडतो, दुसरीकडचा सेट त्याची पुन्हा अक्षरं करतो आणि "मिळालं" अशी पोच उलट पाठवतो. पोच आली नाही तर पाच वेळा प्रयत्न करून गप्प बसतो. शिवाय आपण कुठे आहोत तेही उपग्रहावरून काढून कळवतो, नकाशावर ठिपका उमटतो. माझ्याकडे घरी मोठा सेट आहे, त्यावर हे सगळं वाचता येतं. बाकी कोणाकडे नाही. तेव्हा ज्योतीरामने मला लिहायचं आणि मी ते हजेरीत मोठ्याने वाचायचं, असं ठरलं.

सेट निवडण्यात आठ दिवस गेले. एक मार्ग स्वस्तातला: साधा सेट, त्याला वायर, वायरीला फोन. फोनवर लिहायचं, सेटने सोडायचं. मी त्याच्या हातात दिलं. सेट, फोन आणि मध्ये लोंबणारी वायर. त्याची उरलेली बोटं कुठे पुरणार? वायर निसटली, फोन पडला. त्याने उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, राहू दे.

दुसरा सेट वाकडच्या अवधूतकडे होता. आयटीतला मुलगा, माझाच विद्यार्थी. सगळं आतच असलेला महागडा सेट एका ट्रेकसाठी घेतला होता, तेव्हापासून कपाटात. तो घेऊन आला आणि सुरू झाला.

"आजी, याला ब्लूटूथ आहे, पाण्यात पडला तरी..."

"मॅडम म्हण. आणि तो पाण्यात पडणार नाहीये. बटणं केवढी आहेत ते दाखव."

बटणं बारकी होती, पण कडक होती. दाबलं की बोटाला कळायचं. ज्योतीरामने डाव्या हाताने सुरुवात केली. एका बटणावर तीन-तीन अक्षरं, हवं ते यायला तितक्या वेळा दाबायचं. इंग्रजी अक्षरांत "हजर आहे" लिहायला पहिल्यांदा चार मिनिटं लागली.

"आमच्याकडे चार मिनिटांत चाळीस पार्ट निघायचे," तो म्हणाला. अवधूत हसला आणि लगेच चार्जर शोधायला लागला.

तीन दिवस तो माझ्या हॉलमध्ये बसून लिहीत होता. चार मिनिटांचं एक मिनिट झालं. प्रत्येक वेळी आतल्या खोलीत माझा सेट टिंग करायचा, पडद्यावर अक्षरं यायची, त्याच्या सेटवर पोच उमटायची. ठिपकासुद्धा बरोबर माझ्या घरावर. मी खूश होते. सेटची निवड अचूक झाली, बटणं पारखली, बॅटरी पारखली, असं मी हिंदुरावांना वर मान करून सांगितलं.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस दवाखान्यात काढून ज्योतीराम घरी गेला. त्या संध्याकाळी सातला हिंदुरावांनी पुकारलं, "निघोजे, ज्योतीराम." मी माझ्या पडद्याकडे बघत बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या बायकोला, कस्तुराला फोन केला.

"बरे हायेत, बाई. नळीतनं पेज चाललीय," ती म्हणाली. "बोलत न्हाईत." आणि स्वतःच्याच शब्दावर रडायला लागली. मी पुढे काही विचारलं नाही. अशक्त असेल, मनातून खचला असेल, त्रास कशाला द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले.

चौथ्या दिवशी हिंदुरावांचा फोन. "ताई, त्याचं नाव घेतलं की पुढच्याला खबर सुचत नाही. थोडे दिवस वगळू का?"

"वगळा," मी म्हटलं. हा शब्द माझा आहे. हिंदुरावांचा नाही.

नवव्या दिवशी मात्र मला राहवेना. रिक्षा केली, तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडली आणि निघोज्यात उतरले. त्याचं घर दुमजली, भाड्याच्या खोल्यांचं. पाठीमागे नवीन गोदाम झालेलं. त्याची पत्र्याची भिंत इतकी जवळ आणि इतकी उंच, की खिडकी वीतभरच उघडते. मी गेली चार वर्षं तिथे गेले नव्हते.

ज्योतीराम खाटेवर बसला होता. गळ्याला, आता तो जिथून श्वास घेतो त्या भोकावर, पांढरं फडकं बांधलेलं, नळी निघालेली, हातात सेट. मी आपली नेहमीसारखीच सुरू झाले. "काय रे, एवढा शोधून दिला आणि एक मेसेज नाही? आवडला नाही का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तसं त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. सेट पुढे केला.

मी त्याने पाठवलेल्या मजकुरांची यादी उघडली. पहिल्या दिवशी, सातला चार मिनिटं असताना: हजर आहे. पाच प्रयत्न, पोच नाही. दुसऱ्या दिवशी: हजर आहे. तिसऱ्या दिवशी: मॅडम मिळाला का. मग: मी ऐकतोय. पाचव्या दिवशी: नाव का नाही घेतलं. सहाव्या दिवशी पुन्हा: नाव का नाही घेतलं. त्यानंतरचे दोन दिवस नुसतंच: हजर आहे. प्रत्येकापुढे पाच प्रयत्न. प्रत्येकापुढे पोच नाही.

मी खाटेवर बसले. कारण समजायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. दर रविवारी मी हेच शिकवत होते. त्याचा आवाज इतकी वर्षं प्राधिकरणापर्यंत यायचा तो डोंगरावरच्या रिपीटरमधून. रिपीटर आवाज उचलतो आणि मोठा करून सोडतो. पॅकेट वेगळ्या वाटेने जातं, आणि त्या वाटेवर मध्ये उचलणारं आमच्या भागात कोणीच नाही. त्याच्या पाच वॅटच्या सेटला थेट माझ्या घरापर्यंत पोचायला हवं होतं. गोदामांच्या पत्र्यांतून, एवढ्या लांबून. मी तो पारखला कुठे? माझ्या हॉलमधून आतल्या खोलीत. बटणं मोजली, निघोज्याला एकदा जाऊन बघितलं नाही.

आणि हजेरी त्याला ऐकू येत होती. रोज. सगळी नावं. आपलं गाळलेलं नावसुद्धा.

"मला फोनवर का नाही लिहिलंस, गाढवा?" मी ओरडले. माझा आवाज मला तिथे नकोसा वाटला.

त्याने वही ओढली. डाव्या हाताने लिहिलं: हजेरी मागून लावत नाहीत.

कस्तुरा दारात उभी होती. "एक दिस नुस्तं बोलायचं बटण दाबलं त्यांनी, बाई. न बोलता. म्हनलं, वळखतील. तर ते तुमचे हिंदुराव वरडले, कोण बटण दाबून बसलंय, नाव सांगा न्हाईतर बाजूला व्हा. मग जेवलेच न्हाईत."

ती हजेरी मीही ऐकली होती. हिंदुरावांनी बरं खडसावलं, असं मला वाटलं होतं.

मी त्याला गच्चीवर नेलं. नेलं म्हणजे तो पुढे आणि मी गुडघे धरत मागे. टाकीच्या कठड्यावर सेट उंच धरून त्याने लिहिलं, सोडलं. पाच प्रयत्न, पोच नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून, तेच. समोर गोदामाचं छप्पर चकचकीत पसरलेलं. त्यावर वीतभराची एक पेटी बसवली, तर पॅकेट उचलून पुढे ढकलेल. मी खाली उतरून गोदामाच्या गेटवर गेले. वॉचमन भला होता. म्हणाला, "माताजी, ऊपर से परमिशन लगेगा." वर कोण आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. अर्ज ठेवून घेतला. तीन महिने झाले, अर्ज तिथेच आहे. नंतर आणखी दोन कंपन्यांकडे आणि एका सोसायटीकडे गेले. सोसायटीत मला विचारलं, याने कॅन्सर होतो का.

पण त्या दिवशी गेटवरून परत आले तेव्हा सात वाजत आले होते. ज्योतीराम खाटेवर बसून सेटवर हजेरीची फ्रिक्वेन्सी लावत होता. मी त्याला म्हटलं, "आता मीच इथून तुझ्या वतीने बोलते. सांगते सगळ्यांना काय झालं ते."

त्याने मान हलवली. नाही. वहीत लिहिलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली: तुम्ही बोलू नका. नुसतं नाव घ्यायला सांगा.

मी बाहेर येऊन हिंदुरावांना फोन लावला. चार वाक्यांत सगळं सांगितलं. 

"ताई, पण उत्तर तर येणार नाही."

"नाही येणार."

"मग लोकांना..."

"लोकांना वाईट वाटू दे, हिंदुराव. नाव घ्या. आणि पुरे दहा सेकंद थांबा."

सात वाजले. हजेरी सुरू झाली. आकुर्डी, चऱ्होली, वाकड. अवधूत चक्क हजर होता. कस्तुरा पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. मग हिंदुरावांनी घसा साफ केल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "निघोजे. ज्योतीराम."

ज्योतीरामने मान वर केली. त्याचे ओठ हलले, पूर्ण, नीट, नेहमीसारखे. गळ्यावरचं पांढरं फडकं वाऱ्याने उडावं तसं पुढे उडालं आणि परत बसलं. खोलीत काही ऐकू आलं नाही.

हिंदुराव दहा सेकंद थांबले. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.