मार्कंड्याची शिदोरी

पोहे भिजवून ठेवले होते, शेगडीवर दूध चढलेलं, आणि ह्यांचा पहिल्या पाळीचा डबा अजून भरायचा होता. तेवढ्यात कडी वाजली. दार उघडलं तर मागच्या रांगेतली ठकूबाई. तिचा नवरा कृष्णराव इथं भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर खलाशी, म्हणजे मजूर आहे. तिला आठवा महिना लागलेला, चौकटीला धरून धापा टाकत उभी.

"बाई, तुम्ही मार्कंड्याले जाऊन राहिल्या म्हणे?"

"हो, शिवरात्रीला. भाऊ तिकडं मूल गावात मास्तर आहे, तो देवळं दाखवणार आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नळावर काही लपते काय?"

मी तिला बसवलं, चहा ठेवला. मार्कंडा म्हणजे माझ्या लेखी कोरीव दगडांची जुनी देवळं, कॉलेजात असताना चित्रात पाहिलेली. ठकूबाईच्या लेखी ते अंगण. वैनगंगेच्या काठाला, देवळांना लागूनच तिचं माहेर. लहानपणी ती तिथं शेळ्या चारायची, आणि ऊन चढलं की भिंतीवरच्या मूर्तींच्या सावलीत चिंचा खात बसायची.

"त्या दगडाच्या बाया माह्या मैत्रिणीच होत्या," ती म्हणाली. "एकीले नाक नव्हतं. तिले मी नकटी म्हणो."

तिच्या गावात एक रीत आहे. शिवरात्रीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, त्या सकाळी माय शिदोरी बांधून देवळाच्या नदीकडच्या दारापाशी येऊन बसते. सासरी गेलेली लेक जत्रेला येते आणि मायच्या हातचं खाऊन उपास सोडते. निरोप कोणी धाडत नाही. मायनं बसायचं, लेकीनं यायचं. ठकूबाई सत्तावन्न साली भिलाईला आली, त्यानंतर तिचं जाणं झालेलं नाही.

मागल्या शिवरात्रीला आम्ही तिघी इथल्याच, भिलाईजवळच्या देवबलोद्याचं जुनं देऊळ बघायला गेलो होतो. मी आणि शेजारची प्रेमला भिंतीवरचं कोरीवकाम बघत होतो. ठकूबाई मात्र जत्रेत बसलेल्या एकेका म्हातारीच्या तोंडाकडे वाकून बघत फिरत होती. एकीच्या मांडीवर गाठोडं दिसलं, तर ही सरळ तिच्यापुढं जाऊन बसली.

"तैं काखर बेटी अस ओ?" म्हातारीनं छत्तीसगडीत विचारलं, आणि कोणाची लेक ते कळायच्या आधीच हिच्या हातावर उकडलेलं रताळं ठेवलं.

प्रेमलाला हसू आवरेना. "अगं, तुझी माय इथं कशी येईल?"

"ते मले बी समजते," ठकूबाई म्हणाली. "पण पाय थांबले ना."



"मग माझ्याबरोबर चला ना," आज मी म्हटलं.

तिनं पोटावर हात ठेवला. "छोट्या लायनीच्या गाडीनं, अन् मंग छकड्यात? हे लेकरू रस्त्यातच उतरून जत्रा पाहीन!" ती हसली. "तिसरी भट्टी पेटली का जाऊ, असं म्हणते घरचे. पहिलीच्या वक्ती बी असंच म्हणत होते."

मायचं वर्तमान तिला गावाहून कामाला आलेल्या एका माणसाकडून कळलं होतं. म्हातारी दर साली येते. दिवे लागेपर्यंत बसते. मग गाठोडं न सोडता उचलून घरी नेते.

"आईंना काय सांगू?" मी विचारलं. "तुम्ही बऱ्या आहात म्हणून? बाळाचं सांगू?"

"सांगजा. पण आधी नाही, मांगून." तिचा चहा बशीत निवला होता. "रंभाबाई नाव आहे. डाव्या हातावर विंचू गोंदला आहे, वळखू येईन. बाई, तिनं शिदोरी आणली असन. या साली ते वापस नेऊ देऊ नका. तिच्यापुढं बसा, अन् तुम्ही खाऊन घ्या."