खिडकीकडे दाखवलेलं बोट

"सर गेले," फोनवर दत्तू म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "ताई, त्यो तुमचा कूलर बी बिघाडलाय बरं का. शेवटचं चार दिवस गारच करत नव्हता." मी मंचरच्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात उभी होते. रडू यायच्या ऐवजी मला संताप आला. कूलर धडधाकट होता, हे मला पक्कं ठाऊक होतं...

लोहकरे सर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळंबच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचे. भीमाशंकरकडच्या डोंगरातले, भातशेतीच्या घरातले, बिनलग्नाचे. व्याख्या सांगायच्या आधी ते प्रत्येकाच्या मनगटावर स्पिरिटचा एक थेंब टाकायचे आणि विचारायचे, "गारवा आला कुठनं?" कुणी म्हणे बाटलीतून, कुणी म्हणे वाऱ्यातून. सर चिडायचे. "आला न्हाई रं, ऊब गेली!" मग समजावत. पाण्याचे कण सगळे सारख्या जोराचे नसतात; जोरकस असतात ते निसटून हवेत जातात, मागे उरतात ते संथ, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. माठाचंही तेच, कूलरचंही तेच. पण हवा वाफेनं भरून गेली, की जितके कण निसटतात तितकेच परत येतात आणि सगळं काम ठप्प. "आई घर झाडती तवा केर कुठं जातो? उंबऱ्याभाईर. दार लावून झाडून बघा की!" आत नीटनेटकं करायचं तर बाहेर पसारा वाढणारच, आणि एकूण पसारा कधीच कमी होत नाही. शास्त्रात त्याला एन्ट्रॉपी म्हणतात, हे ते अगदी शेवटी सांगायचे.

आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण तीन पिढ्या मंचरच्या बाजारात गेल्या. सर दुकानात येऊन पप्पांशी भांडायचे. "शेठ, गिऱ्हाईकाला खिडकी उघडी ठेवायला सांगत जा." पप्पा हसायचे. "गुरुजी, तसं सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग कूलर कशाला घेऊ?" सर चहा न पिता निघून जायचे. पप्पांच्या मागे दुकान माझ्याकडे आलं. सरांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्या पुतण्याला, म्हणजे दत्तूला, कूलर मीच विकला. विकताना खिडकीचं ते एक वाक्य मी बोलले नाही. दुकानात गर्दी होती, दुसरं कारण नाही.

मे महिन्यात मी महाळुंगे पडवळला, दत्तूच्या घरी, सरांना भेटायला गेले. दार बंद, खिडकी बंद, फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली. कूलर घरघरत होता आणि खोली नुसती भिजलेल्या गोधडीसारखी झाली होती. सरांच्या गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते. वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली. मला बघताच त्यांनी डावा हात कसाबसा उचलला आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"सारखं तसंच करत्यात," दत्तू म्हणाला. "लेण्याद्रीच्या देवाकडं बोट दावत्यात." लेण्याद्रीला सर आम्हाला घेऊन गेले होते ते दगडातल्या टाक्यांचं पाणी उन्हाळ्यात गार का, हे शिकवायला! मी म्हणाले, "दत्तू, खिडकी जरा उघड ना." तो म्हणाला, "नगं ताई, समदा गारवा भाईर जाईल." आणि मी गप्प बसले. लोकांच्या घरात आपण कशाला बोला, असं वाटलं. त्याच्या बायकोनं चहा आणला होता. सर माझ्याकडे बघत होते आणि मी चहा प्यायले. आजही स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. खिडकी उघडल्यानं सर वाचले असते असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसानं जन्मभर एकच गोष्ट सांगितली, तिच्यासाठी त्याला शेवटी बोट दाखवत पडून राहावं लागलं, आणि ते बोट समजणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

दहाव्याला पुन्हा गेले. घरात माणसं मावेनात, म्हणून खिडकी सताड उघडली होती. कूलर चालू होता. दत्तू खुशीत म्हणाला, "बघा ताई, आता कसा झ्याक चालतोय. आपोआप सुधारला."

"तो बिघडलाच नव्हता!" मी सगळ्यांसमोर ओरडले. खिडकीचं, वाफेचं, सरांच्या बोटाचं, सगळं भडाभडा सांगितलं. दत्तूनं खिडकीकडे पाहिलं, मग रिकाम्या खाटेकडे.

"मग तवा का नाय सांगितलं, ताई?"

मी नुकतेच हात धुतले होते, पुसले नव्हते. खिडकीतून वारा येत होता आणि मनगट गार पडत चाललं होतं.