चादरीच्या दोन टोकांना

इस्पितळाच्या धुलाईखोलीत सगळ्या जणी तिला पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणत आणि तोंडावर मावशी. मावशीला दोन्ही ठाऊक होतं. माणसं उगाच गोड बोलत नाहीत, हे तिचं पक्कं मत. चर्चमधली रविवारची उपासना ती कधी चुकवत नसे, पण तिथेही कडेच्या बाकावर बसायची. कोण कोणाच्या कानाला लागतंय, ते तिथून बरं दिसतं.

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन टोकांना धरायचं, ताणायचं, मग चालत जवळ येऊन कडा जुळवायच्या. मावशीच्या समोर एक नवी बाई लागली. जवळ आली की दर वेळी एक प्रश्न टाकायची.

"मावशी, घरी कोण कोण?"

"मी आणि माझी कटकट."

पुढची चादर. "आणि माहेरचं कोणी?"

मावशीचे कान टवकारले. माहेरची म्हणून एक अक्काच उरली होती, दोन गल्ल्या सोडून. आई गावी अत्यवस्थ झाली तेव्हा तिच्याजवळ असलेल्या अक्काने निरोपच धाडला नव्हता. मावशी पोचली ती थेट दफनाला. तेव्हापासून बोलणं बंद. ही बया माहेरचं विचारते म्हणजे अक्कानेच पेरलेली असणार.

मावशीने पाळत ठेवली. एकदा तर मागोमाग बसथांब्यापर्यंत गेली. नवी बसली ती अक्काच्या घराच्या उलट्या दिशेच्या बसमध्ये. 'पक्की आहे,' मावशी मनाशी म्हणाली.

शेवटी एक दिवस ती चादर ताणून उभीच राहिली. "खरं सांग, कोणी पाठवलंय तुला?"

"मला कोण पाठवणार? घडी घालताना तुमचे ओठ हलतात. प्रार्थनाच ना ती? मला शिकायची होती. पण सरळ विचारायचं तर तुम्ही अंगावर येता. म्हणून आधी घरचं-माहेरचं विचारत होते."

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. मावशीचा विश्वास बसला नव्हता. बघूया किती खरी आहे, म्हणून तिने येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना शिकवायला घेतली, एका घडीला एक ओळ. नवी अडायचीच. "देवाकडे रोजचीच भाकर का मागायची? उद्याचीही मागून ठेवावी की." मावशीला त्यावर घरी जाऊन विचार करावा लागला.

क्षमेच्या ओळीपाशी आल्यावर मावशी सरळ पुढच्या ओळीवर गेली.

"मधलं काहीतरी राहिलं," नवी म्हणाली. "रोज तुमचे ओठ इथे थांबतात."

"पाळत ठेवतेस?"

"समोरच तर उभी असते."

मावशी चादरीची कड उगाच सरळ करत राहिली. "तिथे म्हणायचं, आम्ही क्षमा केली तशी आम्हालाही कर. मी नाही केलेली. देवाशी खोटं कशाला बोला?"

"मग हे त्याला सांगितलंत का?"

मावशीने पुढची चादर उचलली. जगाच्या मनातलं हुडकणाऱ्या बाईने स्वतःच्या मनातलं त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी भांडी घासताना तिने सांगितलं, पाठ केलेलं सोडून. बापा, मला अक्काचा राग येतो. तो सोडवतही नाही. तूच बघ काय ते. उत्तर काही आलं नाही. पण अर्धी भांडी तशीच टाकून ती निघाली.

अक्काने दाराच्या फटीतून पाहिलं. "तू? कोण गेलं?"

"कोणी नाही. आईचे शेवटचे दिवस कसे गेले, ते ऐकायला आले. तू होतीस, मी नव्हते."

अक्का तिचा चेहरा न्याहाळत राहिली. "भांडायला आलीस?"

"ते नंतर. आधी ऐकते."

अक्काने साखळी काढली. "ये मग. आणि दार लोटून घे."