व्हँकुव्हरजवळ नाही, प्रिन्स रुपर्टला

अमेरिकेतल्या श्रूजबरीतल्या आमच्या मराठी ज्येष्ठांच्या गटात दर महिन्याला कुणीतरी बोलतं. यंदा माझी पाळी आली तेव्हा कार्यक्रम ठरवणाऱ्या मुलीला मी विषय सांगितला: प्रिन्स रुपर्ट. कॅनडातलं छोटं बंदर. आमच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिथे गेली.

"काकू, तिथे कोण जातं? त्यापेक्षा अलास्का क्रूझवर बोला ना. सगळे रिलेट करतील."

"क्रूझला मी गेलेच नाहीये. विषय हाच राहील."

नवरा तिथे कागदाच्या लगद्याच्या मिलमध्ये इंजिनिअर होता. अमेरिकेत आल्यापासून कुणी विचारलं की तो सांगतो, "आधी व्हँकुव्हरजवळ होतो." जवळ कसलं! गाडीने जायचं तर वाटेत मुक्काम करावा लागायचा. नागपूरची मी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या गावात. माझं तरुणपण तिथल्या पावसात गेलं. ते 'व्हँकुव्हरजवळ' म्हणून गुंडाळून ठेवायला मी आता तयार नव्हते.

"बोल, पण कॅनरीचं काढू नकोस," तो म्हणाला.

कॅनरी म्हणजे सॅल्मन मासे डबाबंद करायचा कारखाना. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली मी हंगामात तिथे मासे साफ करायचे. ओळखीच्यांना त्याने 'फूड लॅबमध्ये होती' असं सांगून ठेवलंय.

"ते नाही काढायचं, तर मग मी तिथे केलं काय?" मी विचारलं.

लायब्ररीच्या हॉलमध्ये मी फळ्यावर आधी ते गाव वसलेलं बेट काढलं. मागे डोंगर, पुढे खोल पाणी, हिवाळ्यातही न गोठणारं. घरं खडकांवर, दारापर्यंत लाकडी जिने. रेल्वे कंपनीने इथे मोठं शहर होणार म्हणून रस्ते आखले आणि कंपनीचा अध्यक्षच टायटॅनिकवर बुडाला. शहर छोटंच राहिलं. सुरुवातीला बोटी लागायला धक्का नव्हता, म्हणून एका दूधवाल्याच्या गायी बोटीतून पाण्यात उतरून पोहत किनाऱ्याला लागल्या. त्या जागेला अजून काऊ बे म्हणतात. लोक हसले.

मग मी कॅनरीवर आले. माझ्या शेजारी उभी राहणारी बाई त्शिम्शियन होती, तिथल्या मूळ लोकांपैकी. मुकादम गावाच्या स्थापनेच्या गोष्टी सांगायला लागला की ती सुरी न थांबवता म्हणायची, "आमच्या आज्या हजारो वर्षं इथे मासे सुकवत होत्या. तुमची रेल्वे काल आली." गावाचा इतिहास मी तिच्याकडून शिकले, हात बर्फाळ पाण्यात असताना.

पुढच्या रांगेतले निवृत्त डॉक्टर काका उठले. "म्हणजे एम.एस्सी. होऊन तुम्ही मासे कापत होतात?"

"हो. आणि मान खाली घालून नाही, रबरी बूट घालून."

कुणी हसलं नाही. नवरा खिडकीबाहेर बघत होता. काही जण चहाच्या टेबलाकडे वळले. मी मात्र हंगाम संपेपर्यंतची गोष्ट पूर्ण सांगितली, मगच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या फोटोखाली मजकूर आला: 'काकूंनी व्हँकुव्हरच्या रम्य आठवणी जागवल्या.'

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच टाइप करायला घेतलं. 'व्हँकुव्हर नव्हे, प्रिन्स रुपर्ट. रम्य वगैरे नव्हतं. मी कॅनरीत कामगार होते.' नवरा खांद्यावरून वाचत होता. आता हा म्हणणार, पुसून टाक.

"मिलच्या वासाचं पण लिही," तो म्हणाला. "कितीही धुतलं तरी शर्टातून जायचा नाही. मी मागच्या दारातच कपडे बदलायचो."

"तुझं तू लिही," मी फोन त्याच्या हातात दिला.

त्याने चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसला. बराच वेळ एका बोटाने लिहीत राहिला. पाठवल्यावर थोड्याच वेळात कार्यक्रम ठरवणाऱ्या त्या मुलीचा फोन आला.

"काकू, ग्रुपवर एवढं लांब कशाला? डिलीट करू का मी?"

"कर की," मी म्हटलं. "आम्ही पुन्हा टाकू."