खांबाएवढी जागा

नव्या गालिच्याचा वास आला की मीरा रोडची ती चार मजली मशीद आठवते. आमच्या घरी एकच खोली, म्हणून पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी मी तिच्या वरच्या अभ्यासिकेत बसायचो. ती सगळ्यांना खुली होती. एकदा रात्रपाळीवरून थेट आलो आणि पुस्तकावरच झोपलो. शुक्रवार आहे हे विसरलोच होतो. जाग आली तेव्हा खाली न मावलेली माणसं वर येऊन माझ्या टेबलाला वळसा घालून नमाजाच्या रांगा लावत होती. घाबरून मी पुस्तकं उचलू लागलो. "बैठ बेटा," शेजारचे चाचा म्हणाले, "नीचे खंबे के लिए भी जगह छोड़ते हैं. आज तू खंबा." कॉलेज अजून संपलेलं नाही, रात्रपाळीही सुटलेली नाही. फार दमलो की वाटतं, कुणीतरी माझ्याभोवती तेवढी जागा सोडावी.